दर्याची अक्षत

मस्कत, ३ जून १९८४

तीर्थस्वरूप तात्यांना सुभाषचा नमस्कार.

मी बरा आहे. इथं ऊन असं की पाण्याची टाकी दुपारी चुलीवर ठेवल्यासारखी होते. काम एसी दुरुस्तीचं, त्यामुळं दिवसभर थंड खोल्यांत मीच घामाघूम. खोलीत आम्ही तिघं. केरळचा थॉमस, लाहोरचा रशीद आणि मी.

गेल्या शुक्रवारी सुट्टीला गप्पा चालल्या होत्या. रशीदनं त्याच्या धर्माच्या पाच गोष्टी बोटांवर मोजून सांगितल्या. थॉमसनं उशाखालचं पुस्तक काढून दाखवलं. मग दोघं माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "आमच्याकडं गणपती असतो."

रशीद म्हणाला, "वो तो दस दिन. बाकी साल क्या करते हो?"

तात्या, मला खरंच टेन्शन आलं. आपण रोज दिवा लावतो, नारळ फोडतो, एकविरेला जातो, पण का म्हणून विचारलं तर तोंडाला कुलूप. तुम्ही वाचून वाचून शहाणे झालात, तर सांगा: आपला धर्म कोणी सुरू केला? पुस्तक कोणतं? देव किती? मूर्ती कशाला? आणि माणूस मेल्यावर काय होतं?

हे पत्र आयला वाचून दाखवा. कराव्याच्या स्थळाचं काय झालं, तेही कळवा.

तुमचा, सुभाष

*

दिवाळे, २४ जून १९८४

चि. सुभाषला तात्याचे आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या आईला दोनदा वाचून दाखवलं. "बाकी साल काय करता" ह्यावर ती इतकी हसली की टोपलीतली कोलंबी सांडली. म्हणाली, "त्याला सांगा, बाकी साल आमी म्हावरं इकतो."

आता तुझे प्रश्न. मी काही शास्त्री नाही. म्हावरं बांधून आलेल्या कागदावर अक्षरं लावत शिकलेला माणूस मी. तरी माझ्या टोपलीत आहे तेवढं ओततो.

कोणी सुरू केला? कोणीच नाही. खाडी कोणी खणली, सांग बघू. चहूकडून पाणी येत गेलं, वाट करत गेलं, खाडी झाली. तसंच हे.

पुस्तक एक नाही. वेद आहेत, उपनिषदं आहेत, गीता आहे, पुराणं आहेत, आणि ज्याला ह्यातलं एक अक्षर येत नाही त्याच्यासाठी म्हातारीनं सांगितलेली शुक्रवारची कहाणी आहे. कोणाचंही चालतं.

देव किती? तुझ्या आईला तू आय म्हणतोस, मी थोरला दीर म्हणून गोजरा म्हणतो, शेजारीण वहिनी म्हणते, बिल्डिंगीतली गिऱ्हाईकं "ए मावशी, पापलेट कसं दिलं" म्हणतात. बाई एकच, हाक ज्याच्या त्याच्या नात्याची. जाणती माणसं त्या एकाला ब्रह्म म्हणतात. आपल्याला ते नाव मोठं पडतं, आपण एकविराआई म्हणतो.

मूर्ती कशाला? अरे, पाहुणा येतो त्याला पाट मांडतोस ना? मूर्ती म्हणजे पाट. मातीचा गणपती आणतो, त्याला "ये, बस" म्हणतो तेव्हा तो देव. "पुन्हा ये" म्हणून पाण्यात सोडतो तेव्हा माती. मातीला कोणी पूजत नाही, आलेल्याला पूजतो. म्हणून त्याच्यापुढं ताट ठेवतो, ताटाभोवती पाणी फिरवतो, मग तेच आपण खातो. देवानं आधी खाल्लं, आपण त्याचं उष्टं खाल्लं, झाला प्रसाद. भटांच्या गौरीला पुरणपोळी लागते, आपल्या गौरीला चिंबोरीचं कालवण. दोघी तृप्त होऊन जातात, आजवर एकीनंही तक्रार केलेली नाही.

वागायचं कसं? त्याला धर्म म्हणतात. हा शब्द देवळापेक्षा दारात जास्त कामाचा. शेजाऱ्याकडं चूल पेटली नाही तर आपल्यातली भाकर देणं, हा शेजारधर्म. पैसा मिळवावा, संसार करावा, हौस करावी, सगळ्याला मुभा आहे, फक्त धर्माचा बांध फोडून नको. आणि केलेलं कुठं जात नाही. जाळं फाटकं ठेवलंस तर मासळी जाणार, आज नाही तर उद्या. त्याला कर्म म्हणतात.

रशीदनं जातीचं विचारलं तर मात्र मान खाली घालून खरं सांग. माणसाला विहिरीपासून दूर ठेवायचं पाप आपल्या लोकांनी देवाच्या नावावर केलं. ज्यांना दूर ठेवलं ते उठून बुद्धाकडं गेले. बेलापूरच्या शाळेतल्या सुमेधाबाई त्यांच्यातल्याच, आपल्या गोजराचं पक्कं गिऱ्हाईक. त्यांनी मला एकदा विचारलं, "तात्या, तुमचा धर्म एवढा मोठा, मग आमच्या आज्याला जागा का झाली नाही?" तो प्रश्न मी तसाच तुला धाडतो.

मेल्यावर म्हणशील तर होडी कुजते, नाखवा दुसऱ्या होडीत बसतो. एवढंच.

कराव्याचे सिताराम येऊन गेले. त्यांची गंगू तुला द्यायला राजी आहेत, माघात लग्न करू म्हणतात. फक्त उठताना एक गोष्ट विचारून गेले: "पत्रिकेत वरबापाचं नाव कसं घालायचं?" मी म्हटलं, बघू. बघू म्हणणाऱ्याला दिसत काही नसतं.

तात्या

*

मस्कत, ५ ऑगस्ट १९८४

तीर्थस्वरूप तात्यांना नमस्कार.

तुमचं पत्र मी हिंदीत करून खोलीत वाचलं. थॉमसला गौरीची चिंबोरी फार आवडली. रशीदनं पाटाची गोष्ट दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "मानता नहीं, लेकिन समझ में आया." जातीचंही खरं ते सांगितलं. कोणी हसलं नाही.

पण तात्या, शेवटचा प्रश्न तुम्ही दोन ओळींत उरकलात. मला तोच विचारायचा होता.

बाबा गेले तेव्हा मी बारा वर्षांचा. गेले म्हणतो, पण गेले की नाही हेच कोणी सांगत नाही. होडी घारापुरीच्या मागं उलटी सापडली, बाबा सापडले नाहीत. तेव्हापासून आपल्या घरात त्यांचा फोटो आहे पण फोटोला हार नाही. आय कुंकू लावते. भाद्रपदात सगळ्या घरांवर कावळ्यांना वाढतात, आपल्यात आज्या-पणज्याचं वाढतात, बाबांचं नाही.

इथं जुन्या बाजाराजवळ शंकराचं देऊळ आहे. तिथं एक कच्छी म्हातारे भेटतात. ते म्हणाले, ज्याचं काहीच केलेलं नाही त्याचा जीव मधेच लोंबकळतो. त्या दिवसापासून झोप लागत नाही. खरं आहे का हे? हे पान आयला वाचू नका.

सुभाष

*

दिवाळे, ८ सप्टेंबर १९८४

चि. सुभाषला आशीर्वाद.

नारळीपौर्णिमा झाली, होड्या लोटल्या, गणपती-गौरी झाल्या. गडबडीत पत्राला उशीर झाला, त्याबद्दल कान पकडतो.

तू खरं विचारलंस म्हणून खरं लिहितो. आपल्यात मानतात ते असं: देह जळतो, आत्मा जळत नाही. तो पुढचा जन्म घेतो, केल्या कर्मासारखा. फिरून फिरून शेवटी सुटला तर मोक्ष. पण देह सुटल्यावर त्याला लगेच वाट दिसत नाही. ती वाट मुलानं करून द्यायची. अग्नी द्यायचा, दहाव्याला पिंड, मग दर साली तिळाचं पाणी. बापानं मुलाला जन्म देऊन जे ऋण चढवलं, ते असं फिटतं. आणि ज्याचा देहच मिळाला नाही, त्याची बारा वर्षं वाट बघायची. मग दर्भाचा आणि पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा, पुढचं सगळं रीतीनं.

ह्या आश्विनात बारा वर्षं भरतात.

मी पनवेलच्या भटजींना घरी आणलं. पोरा, मी तुझ्या बापाचा, मारोतीचा, थोरला भाऊ. सत्तरी आली. माझ्या डोळ्यांदेखत मारोतीची वाट व्हावी, एवढंच मागणं आहे माझं. भटजींनी सगळं नीट समजावलं. तुझी आई दाराशी उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "भटजी, तुमी त्याला मेलेला पाह्यलाय का?"

"नाही हो बाई, पण शास्त्र..."

"मी पन नाय. मंग गवताला नवरा म्हनून कशी जाळू?"

भटजी चहा अर्धा टाकून उठले.

मी रागावलो. म्हटलं, "गोजरे, त्याच्या जीवाला गती नको का?" तेव्हा तिनं पोटातलं सांगितलं. विधी झाला की तिचं कुंकू पुसलं. कुंकू पुसलेली बाई आपल्या रीतीत हळदीच्या पाटाशी येत नाही. "एकच पोर हाय भाऊजी. त्याला हळद लावायला माझा हात चालनार नाय, नि मी मागल्या दारातनं बघत बसू?"

रीत वाईट आहे, मलाही कळतं. पण कळलं म्हणून रीत वाकत नाही, आणि सितारामला लग्नाआधी निकाल हवा आहे. आपल्या लग्नात धवलारीण गाण्यातून आधी देवांना बोलावते, मग गेलेल्या पितरांना, मग जित्या सोयऱ्यांना. चांगुणाबाई धवलारीण परवा मला म्हणाली, "तात्या, मारोतीला कुठल्या रांगेत हाक मारू ते सांगून ठेवा. मधेच अडले तर गानं मोडंल."

तू तिकडं काही करू नकोस. आईच्या कपाळावर कुंकू आहे तोवर मुलानं बापाला तिळाचं पाणी द्यायचं नसतं. जित्या माणसाला मेला म्हटल्यासारखं होतं.

तात्या

*

मस्कत, २५ सप्टेंबर १९८४

तीर्थस्वरूप तात्यांना नमस्कार.

तुमच्या पत्राची खूप वाट पाहिली. आलं नाही.

काल सर्वपित्री अमावास्या होती. कच्छी आजोबा पहाटे मला समुद्रावर घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "पिताजी नहीं हैं ना?" मी काय सांगणार होतो? मान हलवली. त्यांनी ओंजळीत काळे तीळ ठेवले, नाव घ्यायला सांगितलं. मी बाबांचं नाव घेऊन तीन वेळा पाणी सोडलं. तात्या, हा समुद्र आणि आपली खाडी आतून एकच आहे ना? सोडलेलं पाणी तिकडं पोचलं असेल.

बारा वर्षांत बाबांसाठी मी पहिल्यांदा काहीतरी केलं. रात्री शांत झोप लागली.

ठीक केलं ना?

सुभाष

*

दिवाळे, १४ ऑक्टोबर १९८४

चि. सुभाष,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. आता माझं तुला मिळालं असेल आणि तू काळजीत असशील.

तू मनापासून केलंस, देव ते बघतो. तुझ्यावर राग नाही. पण तुझ्या आईला मी ते वाचून दाखवलं नाही. "मजेत आहे, ऊन फार आहे" एवढं वाचलं, आणि बाकी पानावर चष्मा पुसला. लेकानंच आपलं कुंकू पाण्यात सोडलं असं तिला वाटलं तर ती मोडेल. हे तुझ्यामाझ्यात राहू दे. लग्न होऊन जाऊ दे, मग बघू.

तात्या

*

बेलापूर, १९ ऑक्टोबर १९८४

श्री. सुभाष यांस,

मी सुमेधा, बेलापूरच्या शाळेत शिक्षिका. तुमच्या आई सकाळी मासळीची टोपली दारात ठेवून आत आल्या, कमरेचं पत्र काढून म्हणाल्या, "बाई, हे अख्खं वाचा. भाऊजी वाचताना पान भरलेलं नि बोलनं रिकामं होतं." मी वाचलं. आता त्या सांगतात ते त्यांच्याच बोलीत लिहिते.

सुभास, तू पानी दिलंस ते बरं केलंस. मला वाईट वाटलं नाय. भाऊजी म्हनतात जित्याला पानी देत नाय. अरे, मानूस जिता असो की मेला, तहान लागतेच. खाऱ्या पान्यात असला तर जास्ती लागते. बारा वर्सं मी रोज त्याचा तांब्या भरून ठेवते नि सकाळी तुळशीला ओतते. मी कधी इचारलं का तो कुठं हाय? तुझे तीळ नि माझा तांब्या एकच.

पन गवताचा मानूस मी जाळनार नाय. मला ठाऊक नाय तो गेला की हाय, नि जे मला ठाऊक नाय ते मी अग्नीपुढं खोटं बोलनार नाय. भाऊजींचा जीव त्याच्यासाठी तुटतो, मला समजतं. त्यांचा भाऊ हाय. पन माझा नवरा हाय.

मी चांगुणाबाईकडं जाऊन आले. तिला म्हटलं, आपल्या घरात लग्नाची पहिली अक्षत गावदेवीला नि दुसरी दर्याला देतो ना? मंग माझ्या मानसाला ह्या रांगेत नको, त्या रांगेत नको. दर्याला अक्षत देताना त्याच्याच हाती ह्याचं बोलावनं धाडू. ज्याच्याकडं मानूस हाय त्यालाच निरोप सांगायचा ना? चांगुणाबाई डोकं खाजवून म्हनाली, "गोजरे, असं कोनी केलं नाय." मी म्हटलं, "तुज्या आधी गानं तरी कोनी केलं होतं?" मंग हसली. हो म्हनाली.

पत्रिकेवर भाऊजींचं नाव घाल. सितारामला मी बघते, तो माझ्याकडनं सुरमई उधार नेतो.

आता भाऊजींना कसं सांगायचं ते तू बघ. त्यांना वाटतं मला काय कळलं नाय. वाटू दे थोडे दिवस.

एवढं त्यांचं. माझ्या दोन ओळी: आमच्यात पिंड नाही, तीळ नाहीत, आणि आत्मा असा मी मानत नाही. पण तांब्याची गोष्ट लिहिताना माझा हात थांबला. मला हळदीचं बोलावणं आताच मिळालंय. मी येणार आहे.

सुमेधा

*

मस्कत, २० एप्रिल १९८५

तीर्थस्वरूप तात्यांना नमस्कार.

सुखरूप पोचलो. खोलीत लाडू पोचल्यावर दहा मिनिटांत संपले. गंगूला सांगा, पत्र वेगळं लिहितोय, ते तुम्ही वाचायचं नाही. तिला वाचता येतं.

तात्या, एक विचारायचं राहिलं. हळदीच्या दिवशी मला हातात सुरी देऊन पाटावर बसवून ठेवलं होतं, उंबरा ओलांडायचा नाही म्हणून. तुम्ही सगळे धक्क्यावर दर्याला अक्षत द्यायला गेलात. परत आलात तेव्हा तुमचे डोळे लाल होते. मग आयनं येऊन मला हळद लावली. तिचे हात गार होते, ओले होते. मी विचारलं, काय झालं? म्हणाली, "काय नाय, मान वर कर."

धक्क्यावर काय झालं?

सुभाष

*

दिवाळे, ९ मे १९८५

चि. सुभाषला आशीर्वाद.

सांगतो. मी सांगितल्याशिवाय तुला कोणी सांगणार नाही. बायका असल्या गोष्टी आपसांत ठेवतात.

आधी माझं. सुमेधाबाईंच्या पत्राचं तू सुट्टीवर आल्यावर मला सांगितलंस, तेव्हा दोन दिवस मी गोजराशी बोललो नाही. सत्तर वर्षांच्या माणसाचा फुगा होता, फुटायला वेळ लागला. मनातून अजून वाटत होतं की मारोती अधांतरी आहे आणि आपण त्याचं काही केलं नाही. धक्क्यावर गेलो ते त्याच मनानं.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी धक्क्याला टेकलेलं, भरती तुडुंब. चांगुणाबाई म्हणाली, "टाका अक्षत, उशीर होतोय." गोजरा म्हणाली, "थांबा." उन्हात उभं केलं तिनं सगळ्यांना. सिताराम घाम पुसत म्हणाला, "विहीणबाई, मुहूर्त?" तर म्हणे, "मुहूर्त भटजीचा, पानी माझं." तेव्हा मला उमगलं. चढत्या पाण्यात अक्षत टाकली असती तर ती पुन्हा आपल्याच पायाशी आली असती. ती ओहोटीची वाट बघत होती.

पाणी फिरलं. चांगुणाबाईनं दर्याचं गाणं उचललं. गोजरानं पदराच्या टोकातून अक्षत काढली, हळदीनं पिवळी केलेली. चांगुणाबाई मारोतीच्या नावापाशी आली आणि थांबली. म्हणाली, "बोलावनं बायकोचं. तूच हाक मार."

तुझ्या आईनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. आपल्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, घेतलंच तर उखाण्यात. तो होता तेव्हा ती "अवो" म्हणायची. गेल्यावर "त्यो" म्हणायची. बारा वर्षं ते नाव तिच्या तोंडून मी ऐकलं नाही, आणि विधवा म्हणावी तर विधवेला उखाणा नसतो. सगळ्या बायका तिच्याकडं बघत होत्या. सिताराम दुसरीकडं बघायला लागला. सुमेधाबाई तिच्या शेजारी होत्या, त्यांनी नुसतं तिच्या कोपराला हात लावला.

गोजरा पाण्यात गुडघ्याएवढी उतरली आणि लग्नात नव्या नवरीनं घ्यावा तसा मोठ्यांदा उखाणा घेतला:

"ओहोटीसंगं धाडली अक्षत, भरतीसंगं यावं घरी,
मारोतीरावांचं नाव घेते लेकाच्या हळदीवरी."

पिवळे दाणे पाण्यावर जरा फिरले, मग प्रवाहाला लागले आणि घारापुरीकडं निघाले. मी दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो. तुला पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मूर्ती म्हणजे पाट, आणि आलेल्याला आपण पूजतो. लिहिताना सोपं वाटलं होतं. मी वाकून दोन्ही हातांनी खाडीचं पाणी घेतलं, मारोतीचं नाव घेतलं आणि सोडलं. तीळ नव्हते, मंत्र नव्हता. कुठल्या रांगेत सोडलं, तेही मला ठाऊक नाही.

गोजरा ओल्या पायांनी वर आली. माझ्या ओल्या हातांकडं तिनं पाहिलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल.

तर म्हणाली, "चला भाऊजी, वाटलेली हळद वाळंल."

तात्या